हॉटेलातली टीप: किती द्यायची यापेक्षा कुणाच्या हातात पडते ते बघा

बडीशेपेच्या बशीत घडी घातलेलं बिल येतं, ४५० रुपयांचं. तुम्ही पाचशेची नोट ठेवता. पन्नास परत येतात, पण ते असे: एक वीसची नोट आणि तीन दहाच्या. गल्ल्यात पन्नासची नोट असतेच, तरी मुरलेला वेटर ती आणत नाही. अख्खी पन्नासची नोट आली की गिऱ्हाईक ती उचलून खिशात घालतं. तेच पैसे सुटे आले की दहा-वीस बशीत राहतात. उडप्याच्या हॉटेलात टीप नावाचा प्रकार वर्षानुवर्षं या सुट्ट्या पैशांवर चालत आला. कुणी टक्केवारी काढत बसलं नाही, कुणी पाटी लावली नाही.

आता बिल ४५० झालं की फोन काढून बरोबर ४५० पाठवले जातात, ‘पेमेंट रिसीव्ह्ड’ असं गल्ल्यावरचा स्पीकर ओरडतो आणि बशीत फक्त बडीशेप उरते. गिऱ्हाईक कंजूष झालेलं नाही. सुटे हातात येण्याचा क्षणच गेला, आणि टीप त्या क्षणात दिली जायची. म्हणून टीप द्यायची असेल तर ती आता ठरवून द्यावी लागते. ठरवून द्यायची तर ती नेमकी कुठे जाते हेही बघायला हवं. किती द्यावी यावर लोक तासभर वाद घालतात, पण दिलेली टीप वाढणाऱ्याच्या हातात पडते की मालकाच्या खात्यात, हे बघायला कुणाला सुचत नाही. माझ्या लेखी पहिला प्रश्न तो आहे.

तरी रकमेचं आधी उरकून टाकू. चहा, वडा, प्लेटभर इडली असं शंभराच्या आतलं बिल असेल तर काही नाही ठेवलं तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. दोघातिघांचं तीनशे-चारशेचं बिल, टेबलावर येऊन वाढणारा माणूस, अशा ठिकाणी वीस रुपये नीट दिसतात. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये हजार ते अडीच हजारांच्या बिलावर पाच ते दहा टक्के, म्हणजे व्यवहारात शंभर-दीडशे. त्याहून महागड्या ठिकाणी, बिलात सेवा शुल्क (सर्व्हिस चार्ज) लावलेलं नसेल तर, दहा टक्के. आपल्याकडे यापुढे जायची गरज नाही. बिल आठ-दहा हजारांवर गेलं तर टक्केवारी थोडी खाली आणली तरी चालते. तीन हजारांची बाटली उघडायला आणि आठशेची उघडायला मेहनत सारखीच लागते.

टक्केवारी काढायची ती खाण्याच्या रकमेवर, कर धरून आलेल्या आकड्यावर नाही. अ‍ॅपवरून २५ टक्के सवलत मिळाली असेल तर सवलतीच्या आधीचा आकडा धरायचा, कारण वाढणाऱ्याने ताटं काही २५ टक्के कमी उचललेली नसतात. आणि लहान बिलावर टक्केवारी लावूच नये. ६० रुपयांचे दहा टक्के म्हणजे सहा रुपये. पाचाचं एक आणि रुपयाचं एक अशी दोन नाणी बशीत टाकण्यापेक्षा काही न ठेवलेलं बरं. खिशातली एक-दोनची चिल्लर झटकून मोकळं होणं वेटरला टोचतं, मग ती सगळी मिळून पंधरा रुपये का होईना.

स्वतःच काउंटरवरून ताट उचलून आणायचं असेल तर टीपेचा प्रश्नच नाही. काउंटरवर काचेची बरणी ठेवलेली असते, तीत टाकायचे तर टाका, नाही तर नका टाकू. पण फूड कोर्टात ट्रे उचलणारा, टेबलावर फडकं मारणारा जो माणूस असतो, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. त्याच्या हातात दिलेले वीस रुपये थेट त्याचे असतात, मध्ये कुणी नसतं. पार्सल घेताना टीप लागत नाही. पॅकिंगचे पैसे बिलात असतातच. गाडी लावून देणाऱ्या व्हॅलेला गाडी परत घेताना वीस ते पन्नास द्यावेत. किल्ली सोपवताना नाही, गाडी ओरखड्याशिवाय परत आली की.

बिल वाचायला शिका

टीप काढण्याआधी बिलाच्या खालच्या चार ओळी वाचाव्यात. समजा चौघांच्या जेवणाचं बिल असं आलं: खाद्यपदार्थ १,८०० रुपये. सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, १० टक्के, १८० रुपये. बेरीज १,९८०. त्यावर सीजीएसटी अडीच टक्के ४९.५० आणि एसजीएसटी अडीच टक्के ४९.५०. एकूण २,०७९.

इथे दोन गोष्टी आहेत. १८० रुपये हॉटेलवाल्याने स्वतःच्या मर्जीने लावले. जीएसटीचे ९९ रुपये सरकारचे. शिवाय जीएसटी १,८०० वर नाही, १,९८० वर लागला. सेवा शुल्क नसतं तर कर ९० रुपये झाला असता आणि बिल १,८९० आलं असतं. म्हणजे ते शुल्क तुम्हाला १८० ला नाही, १८९ ला पडलं. आणि तुम्ही स्वखुशीने वेगळी टीप दिली असती तर तिच्यावर जीएसटी लागलाच नसता.

अजूनही बरेच लोक सर्व्हिस चार्जला सरकारी कर समजून गप्प बसतात. त्याला कारण आहे. पूर्वी बिलात सर्व्हिस टॅक्सही असायचा, तो खरोखर सरकारचा होता आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला. नावं इतकी सारखी की सर्व्हिस चार्ज त्या गर्दीत खपून गेला. बिलावर तो कधी ‘एस. सी.’ म्हणून येतो, कधी ‘स्टाफ वेल्फेअर’ किंवा ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ म्हणून. नाव काहीही असो, प्रकार तोच.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलाने सेवा शुल्क आपोआप बिलात जोडायचं नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचं नाही, ते ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, ते देणार नाही म्हणून कुणाला आत घ्यायचं नाकारायचं नाही, आणि बिलात मिळवून वर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि पुढे जवळजवळ पावणेतीन वर्षं हा विषय लोंबकळत राहिला. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने संघटनांच्या याचिका फेटाळल्या आणि तत्त्वं कायम ठेवली. संघटनांनी त्यावर पुढे अपील केलं. तरी बिलात आपोआप लावलेलं सेवा शुल्क काढून मागायला गिऱ्हाइकाने कचरायचं काही कारण नाही.

काढून कसं मागायचं? पैसे देण्याआधी. एकदा कार्ड ओढलं की परतावा म्हणजे दहा मिनिटांची कटकट. वेटरशी बोलून उपयोग नसतो, छापलेलं बिल रद्द करायला मॅनेजरचा पासवर्ड लागतो. म्हणून कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, किंवा मॅनेजरला बोलवा आणि आवाज न चढवता सांगा: ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या, टीप आम्ही वेगळी देतोय.’ या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाने निम्मं भांडण मिटतं. नवीन बिल आलं की कराची ओळ परत वाचा. घाईत असलेला कॅशियर सेवा शुल्काइतकी ‘सवलत’ खाली वजा करतो आणि जीएसटी मात्र आधीचाच ठेवतो. वरच्या उदाहरणात १,८९० ऐवजी १,८९९ आले तर हेच झालेलं असतं. नऊ रुपयांसाठी भांडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ते कुठून आले हे कळलेलं बरं. मॅनेजर अडूनच बसला तर पैसे भरा, बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा.

एवढं करून सेवा शुल्क काढलं आणि मग टेबलावर दमडी न ठेवता उठलं, तर हक्क बजावला असं म्हणता येईल, पण तो चिकटपणाच. काढलेल्या १८९ पैकी दीडशे वेटरच्या हातात द्या. आणि शुल्क राहू दिलं असेल तर वर आणखी टीप द्यायची गरज नाही, वेटर बिलाचं फोल्डर घेऊन कितीही वेळ उभा राहिला तरी.

कराबद्दल एक-दोन गोष्टी जाता जाता. साध्या रेस्टॉरंटला, एसी असो वा नसो, नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे. ज्या मोठ्या हॉटेलांत खोलीचं भाडं ७,५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून परमिट रूममध्ये खाण्याचं आणि पिण्याचं बिल वेगळं छापलेलं दिसतं. कॉम्पोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. तसं बिलावर लिहिणंही त्याला बंधनकारक आहे. तिथे बिलात वेगळा कर दिसला तर हरकत घ्या.

फोल्डरमधले पैसे पुढे कुठे जातात

छोट्या हॉटेलात ज्याचं टेबल त्याची टीप, हा साधा नियम. मोठ्या ठिकाणी टिपा एका डब्यात जमा होतात आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला वाटल्या जातात. वाटप बहुधा पॉइंटांवर चालतं. समजा आठवड्याला ९,००० जमले. दोन कॅप्टन, प्रत्येकी दोन पॉइंट. सहा वेटर, प्रत्येकी दीड. पाच हेल्पर, म्हणजे पाणी देणारे, टेबल उचलणारे, प्रत्येकी एक. झाले १८ पॉइंट, पॉइंटामागे ५०० रुपये. कॅप्टनला हजार, वेटरला साडेसातशे, हेल्परला पाचशे. यात स्वयंपाकघरातली माणसं धरलेली नाहीत. काही ठिकाणी धरतात, बहुतेक ठिकाणी नाही, आणि मोरीवर भांडी घासणारा तर सगळ्यात शेवटी आठवतो.

डब्याची पद्धत मला तत्त्वतः पटते. चांगलं टेबल, म्हणजे खिडकीजवळचं, एसीसमोरचं, रोज एकाच्याच वाट्याला आलं तर बाकीच्यांनी काय करायचं? पण डबा उघडतो कोण आणि मोजतो कोण यावर सगळं अवलंबून असतं. फुटलेल्या ग्लासांचे पैसे डब्यातून कापणारे मालक असतात. कार्डावर आलेल्या टीपेतून बँकेचा आकार कापला जातो. महिन्याच्या मध्ये नोकरी सोडून गेलेल्या पोराचा हिस्सा तर हमखास बुडतो. सेवा शुल्काचंही तसंच आहे. ते मालकाच्या उत्पन्नात जमा होतं, त्यातलं किती खाली झिरपतं हे त्या त्या मालकावर.

कार्डाने पैसे देताना टीप जोडायची असेल तर मशीनमध्ये रक्कम घालायच्या आधी सांगायचं: ‘बिल १,८९०, एकूण दोन हजार चाळीस लावा.’ रक्कम घातल्यावर सांगितलं तर वेगळा व्यवहार करावा लागतो आणि तिथेच लोक ‘जाऊ दे’ म्हणतात. मशीनवर टीपेचा पर्याय असेल तर तो तुम्हीच दाबा, वेटरला दाबू देऊ नका. ऑफिसच्या कार्डावर जेवण असेल तर टीप अशीच जोडा, नाहीतर रोख दिलेल्या टीपेची पावती मागितली की पंचाईत. कार्डावरची टीप मालकामार्फत मिळाली म्हणून ती पगार ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या प्रकरणात मालकाने त्यावर टीडीएस कापायचा की नाही हा वाद होता. कापायचा नाही असं ठरलं. ती टीप घेणाऱ्याचं इतर उत्पन्न धरली जाते.

कार्डाची टीप हातात पडते का, हे वेटरलाच विचारायला हरकत नाही, फक्त मॅनेजर शेजारी नसताना विचारा. ‘मिळते ना, पगाराबरोबर’ असं सरळ उत्तर आलं तर ठीक. तो हसून नुसता मान हलवत असेल तर रोख द्या.

यूपीआयवाल्यांनी काय करावं

टेबलावर चिकटवलेला किंवा गल्ल्यावर टांगलेला क्यूआर कोड हॉटेलच्या खात्याचा असतो. तिथे ४५० ऐवजी ४७० पाठवले आणि काही न बोलता उठलात तर ते वीस रुपये टीप म्हणून कुठेही नोंदले जात नाहीत. रात्री हिशेब जुळवताना वीस जास्त निघतात आणि गल्ल्यात राहतात. त्यामुळे जास्त पाठवायचे तर सांगूनच. छोट्या हॉटेलात गल्ल्यावरच्या अण्णांना म्हणायचं, ‘वरचे वीस तीन नंबरवाल्याला द्या’, आणि तिथेच उभं राहायचं. ते गल्ल्यातून वीसची नोट काढून हाक मारतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वेटरने ती नोट घेतलेली डोळ्यांनी दिसते हा फायदा.

दुसरा मार्ग म्हणजे वेटरच्याच फोनवर टीप पाठवणं. आता बऱ्याच जणांच्या फोनच्या मागे स्वतःच्या कोडचा स्टिकर असतो. पण काही हॉटेलांत याला मनाई असते, कारण गिऱ्हाइकाने चुकून बिलाचेच पैसे वेटरच्या खात्यात टाकले की गोंधळ होतो. म्हणून आधी बिल भरायचं, ते पोचल्याचं दाखवायचं, मग टीप. मालकासमोर वेटरला ‘तुझा कोड दे’ असं म्हणू नका, बोलणी त्याला खावी लागतील.

या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे पाकिटात दहाच्या आणि वीसच्या पाच-सहा नोटा ठेवणं. बाकी सगळं फोनवर भरा, टीप रोख. एटीएममधून बहुधा पाचशेच्या नोटा निघतात म्हणून सुटे मिळत नाहीत ही सबब खरी आहे, पण भाजीवाल्याकडे, किराण्याच्या दुकानात एकदा पाचशे मोडले की महिना निघतो.

थाळीच्या ठिकाणी वेगळा पेच पडतो. अमर्याद थाळीत एक माणूस पोळ्या आणतो, दुसरा भाज्या, तिसरा वरण-कढी, चौथा गोड, आणि लांब उभा असलेला कॅप्टन हाताच्या खुणेने कुणाच्या ताटात काय संपलंय ते सांगत असतो. जो शेवटी बिल घेऊन येतो त्याने तुम्हाला एक पोळीही वाढलेली नसते. इथे एकाच्या हातात शंभर कोंबले तर बाकीचे बघत राहतात. कॅप्टनला देऊन ‘सगळ्यांत वाटा’ म्हणायचं, तेही दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. कोल्हापुरात तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा विचारत फिरणारा माणूस मात्र एकच असतो, वीस-तीस रुपये सरळ त्याला द्या.

घरगुती खानावळीत, विशेषतः कोकणात, घरचीच माणसं रांधतात आणि वाढतात. मालवणात वहिनींनी सोलकढी स्वतः वाटीत ओतली असेल तर त्यांच्या हातात पन्नासची नोट ठेवणं बरं दिसत नाही, त्या मालकीण आहेत. तिथे जेवण चांगलं झालं हे तोंडाने सांगायचं, जाताना कोकमाचं आगळ किंवा पापड विकत घ्यायचे. भांडी घासायला किंवा मासे साफ करायला बाहेरची बाई असेल तर टीप तिला, आणि ती वहिनींना सांगून. रोजच्या मेसमध्ये महिन्याचे पैसे ठरलेले असतात, तिथे दररोज टीप नसते. दिवाळीची पोस्त असते. वाढप्याला नेहमीची गिऱ्हाइकं शंभर-दोनशे देतात, आणि ती वसुबारसेच्या आधी दिलेली बरी, कारण त्यानंतर पोरं गावाला पळालेली असतात.

परमिट रूमचा कायदा वेगळाच. तिथे काही नेहमीचे लोक बसल्या बसल्याच शंभर सरकवतात. मग पेग जरा भरून येतो, सोड्याची एखादी बाटली बिलात चढायची राहते, चकल्या-दाणे दोनदा येतात. हे जो देतो तो मालकाच्या खिशातून देतो, तेव्हा याला टीप म्हणू नये. रात्री स्टॉक मोजताना फरक निघाला की तो त्याच वेटरच्या पगारातून कापला जातो. शेवटी, उठताना, दहा टक्क्यांच्या आसपास द्यावं. बिल टेबलावर चार जणांत फिरत असताना शुद्धीतल्या माणसाने ते तपासावं. पेगांची संख्या वाढलेली असण्याची शक्यता उशिराच्या बिलात जास्त असते, आणि दर वेळी तो वेटरचा खोडसाळपणा नसतो. दुसऱ्या टेबलाची केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, आपल्या नंबरावर पडलेली असते.

देण्याघेण्याची रीत

टीप फोल्डरमध्ये ठेवून फोल्डर बंद करावं, किंवा हातात द्यायची तर ‘हे तुमच्यासाठी’ एवढं म्हणून. नोटा मोजत, सगळ्यांना दाखवत देऊ नये. वेटरला बोलवायचं तर दादा, भाऊ, वयस्कर असेल तर मामा. चुटकी, ‘शुक शुक’ आणि ‘ए पोऱ्या’ या तिन्हींची भरपाई शंभरच्या नोटेनेही होत नाही. आणि खरोखरच लहान पोरगं फडकं मारताना दिसलं तर टीपेने दयाबुद्धी दाखवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांवर कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर त्यासाठी आहे.

टीप कापण्याआधी चूक कुणाची ते बघावं. भाजी खारट झाली तर आचारी, जेवण पाऊण तासाने आलं तर बहुधा स्वयंपाकघर. वेटरने केओटी पाच मिनिटांत आत दिलेली असते आणि आत वीस ऑर्डरी रांगेत असतात. वेटरचं काम म्हणजे ऑर्डर परत वाचून दाखवणं, पाणी विचारणं, चूक झाली तर ताट उचलून नेऊन बदलून आणणं, उशीर होणार असेल तर आपणहून सांगणं. यात तो कमी पडला तर टीप कमी करा. खारट भाजीसाठी कॅप्टनला बोलवा, आणि अर्धी भाजी संपायच्या आधी बोलवा.

मित्रमंडळींच्या जेवणात टीप बुडते ती टीटीएमएममुळे. आठ जण, बिल ६,३०० (६,००० अधिक ३०० जीएसटी). ग्रुपवर हिशेब पडतो माणशी ७८७.५०, प्रत्येक जण तेवढेच पाठवतो आणि टीपेचं प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने दिली. क्रम उलटा करा. ज्याने बिल भरायचं त्याने आधी टीप ठरवावी, समजा ५००, ती रोख द्यावी, आणि मग ६,८०० ला आठने भागावं. माणशी ८५०. पन्नास पैशांची कटकटही गेली. वाढदिवसाला वीस-पंचवीस जण जमणार असतील तर टेबल बुक करतानाच विचारून घ्या की मोठ्या ग्रुपला सेवा शुल्क लावता का. तिथेच ‘लावू नका, टीप आम्ही देऊ’ असं ठरवलं की रात्री वाद होत नाही.

मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांचा टीपेवरून हमखास खटका उडतो. तिथे १८ ते २० टक्के देतात, ते ऐकून इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण तिथला हिशेबच निराळा आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायची मजुरी संघराज्याच्या कायद्याप्रमाणे ताशी फक्त २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तीच. टीप धरून ताशी ७.२५ डॉलर भरले नाहीत तर उरलेले मालकाने घालायचे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, तरी टीपेची सवय तीच. म्हणजे तिथे टीप न देणं हे वेटरची मजुरी बुडवल्यासारखं होतं. लंडनमध्ये बिलात बहुतेक वेळा १२.५ टक्के ऐच्छिक शुल्क लावलेलं असतं. ते काढून मागता येतं, पण तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून टीप आणि असं शुल्क सगळंच्या सगळं कामगारांना द्यायचं बंधन मालकांवर आलं आहे, त्यामुळे राहू दिलं तरी ते योग्य हातात जातं. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही.

अमेरिकेत बिल भरताना एवढं बघा. सहा किंवा जास्त जण असतील तर ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावलेली असू शकते, मग पुन्हा देऊ नका. खाली छापलेले १८, २०, २२ टक्क्यांचे तयार आकडे कधी कर धरून काढलेले असतात, तेव्हा कराआधीच्या रकमेवर स्वतः काढा. कार्ड आधी ओढून आणतात आणि टीप तुम्ही निघून गेल्यावर त्यात चढवतात, म्हणून टीपेची आणि एकूण रकमेची, दोन्ही ओळी पेनाने भरा. रोख ठेवली असेल तर टीपेच्या ओळीवर आडवी रेघ मारा, एकूण रक्कम लिहा आणि तुमची प्रत घेऊनच उठा.